घेवड्याच्या मांडवातली सीडी

मोहपाडा, ता. मुरबाड
६ ऑक्टोबर २०२५

हरेश,

काल फोनवर तू सांगत होतास ते मला कळलं नाय आणि मी सांगत होते ते तुला. टेकडीवर देवळाच्या मागं उभी राहिले तर रेंज येते, पण वाराही तिथंच येतो. तू म्हणालास 'स्लॅश', मी लिहिलं 'क्लास'. तू 'रूट' म्हणालास, माझ्या कागदावर 'रोट' आहे. तेव्हा आता मी लिहूनच विचारते आणि तूही लिहूनच सांग. सुनिलचा भाजीचा टेम्पो एक दिवसाआड शहापूरला येतो, तुझ्या दुकानावरनंच जातो. त्याच्याकडं देत जा. फोडून वाचणारा माणूस नाय तो.

दुखणं असं. समाजमंदिरातला कॉम्प्युटर तुला ठाऊक आहे. संस्थेवाल्यांनी पोरांसाठी दिलेला, चालू केला की पेंग्विन येतो तो. लिनक्स म्हणतात. बाकी सगळं झकास चालतं. पोरं गणितं करतात, मी अंगणवाडीचे अहवाल करते. पण सीडीचा कप्पा उघडत नाय. बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो, आत कुरकुरतं आणि गप्प होतं. संस्थेवाल्यांना विचारलं तर म्हणतात, आता सीडी कोण वापरतं ताई, पेनड्राइव्ह वापरा. मला सीडीच वापरायची आहे. एक कामाची सीडी आहे, ती दिवाळीच्या आत बघायची आहे.

पाय कसा आहे? प्लास्टर घेऊन दुकानात बसतोस असं मिताली सांगत होती. बस, पण पाय स्टुलावर ठेव. बायकोचं ऐकत नायस, बहिणीचं तरी ऐक.

प्रेमा


शहापूर
८ ऑक्टोबर

प्रेमाताई, नमस्कार.

पाय स्टुलावर आहे. गिऱ्हाईक आत आलं की आधी पायाकडे बघतं, मग विचारतं, "हे पण रिपेअरिंगला आलंय काय?"

कामाची सीडी कुठली ते मी ओळखलं. तुझ्या लग्नाची! दाजी वरातीत नाचताना सदऱ्याचा खिसा फाटला आणि सुपाऱ्या रस्ताभर सांडल्या, ते सगळं त्यात आहे. दिवाळीला पाहुणे यायचे असतील, त्यांना दाखवायचं असेल. दाखव. दाजींना आधी सांगू नको म्हणजे झालं.

आता नीट वाच. कप्पा उघडत नाही म्हणजे ड्राइव्ह मेला असं नसतं. दिवा लागतो म्हणजे त्याला वीज पोचते. कॉम्प्युटर बंद कर, वायर भिंतीतून काढ. कप्प्याच्या तोंडावर बटणाजवळ एक बारीक भोक दिसेल. यू-पिन सरळ करून त्यात सरळ घाल आणि दाब. कप्पा बोटभर पुढे येईल, मग हातानं ओढ. उचकटू नको. तुला उचकटायची सवय आहे, आईची ट्रंक आठव.

नंतर कॉम्प्युटर चालू करून टर्मिनल उघड, ती काळी खिडकी. त्यात एल, एस, बी, एल, के अशी पाच अक्षरं इंग्रजीत, लहान लिपीत, जोडून लिही आणि एन्टर दाब. नावांची यादी येईल. तीत एस, आर आणि शून्य असं नाव आहे का बघ. असेल तर लिनक्सला ड्राइव्ह दिसतोय, मग संशय सीडीवर. नसेल तर आतल्या वायरीवर. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी मी बसवून देतो. गेली पंधरा-सोळा वर्षं मी हेच करतोय, माझ्या टेबलावरून कॉम्प्युटर दुरुस्त न होता गेला तर तो पाण्यात पडलेला असतो.

हरेश


मोहपाडा
११ ऑक्टोबर

हरेश,

यू-पिन नव्हती. अंगणवाडीतल्या मदतनीस सकुबाईच्या केसातला आकडा काढून सरळ केला. ती आधी कुरकुरली, मग स्वतःच म्हणाली, "आना इकडं, तुमाला भोक दिसत नाय." कप्पा उघडला. आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, म्हणून तो अडकत होता. खरवडून साफ केलं. आता बटणानं उघडतो, मिटतो.

पण तुझं एस आर शून्य यादीत नाय. तू म्हणालास वायर, म्हणून बाजूचं झाकण काढलं. लाल चपटी वायर उंदरानं अर्धी खाल्लीय. तुकडा सोबत पाठवते, तशीच दुसरी दे.

आता दुसरं. ती लग्नाची सीडी नाय. तुझ्या दाजींच्या छातीची आहे.

त्यांनी तुला सांगायचं नाय म्हणून मला शपथ घातली होती. तू सुपाऱ्यांचं लिहिलंस, ते त्यांना वाचून दाखवता येईना, म्हणून आता शपथ मोडते. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून खोकला आहे. आधी म्हणाले लावणीच्या चिखलाचा, मग म्हणाले बिडीचा. गणपतीनंतर मुरबाडला एक्स-रे काढला, त्यांनी कल्याणला पाठवलं. तिथं स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पांढरा टिपका आहे, करवंदाएवढा. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी स्कॅन केला होता का? केला होता, कोरोनात, दोन हजार एकवीस साली. ते म्हणाले, तो आणा. टिपका तेव्हाही एवढाच असला तर जुना वण आहे, घाबरायचं कारण नाय. तेव्हा नसेल तर गोष्ट वेगळी.

ज्या सेंटरला तेव्हा स्कॅन केला ते बंद झालंय, तिथं आता चपलांचं दुकान आहे. कागदी रिपोर्ट वाळवीनं खाल्ला. राहिली सीडी. ती सापडेना. चार डबे उपसले, गादी उसवली. शेवटी परसात गेले, तर घेवड्याच्या मांडवाला चार सीड्या दोरीनं लटकवलेल्या, पाखरं येऊ नयेत म्हणून. दाजींनीच बांधल्या होत्या, भाद्रपदात. तीन गाण्यांच्या आणि चौथी ही.

टिपका जुनाच असणार, मला खात्री आहे. त्यांना लहानपणापासून खोकला आहे. पण डॉक्टरांना खात्री चालत नाय, त्यांना सीडी पायजे. दिवाळीनंतर बोलावलंय.

प्रेमा


शहापूर
१२ ऑक्टोबर

ताई,

सुनिल सकाळीच आला, म्हणून लगेच लिहितोय. मला आधी सांगायला हवं होतंस. ते भांडण पाय बरा झाल्यावर करू, उभ्यानं.

सोबत तीन वस्तू आहेत. नवी लाल वायर. तिचं तोंड एकाच बाजूनं बसतं, जोर लावायचा नाही. एक कोरी करकरीत सीडी, तिच्यात माझ्या दुकानाचे फोटो भरलेत. ती आधी घाल. ती चालली तर ड्राइव्ह चांगला आहे हे ठरलं, मग दोष दाजींच्या सीडीचा. दोघांना एकदम तपासायला गेलं की डोकं चालत नाही, म्हणून एकाला पक्कं करून घ्यायचं. तिसरी वस्तू कापसाची काडी. अंगणवाडीत स्पिरिट असतं, त्यात काडी बुडवून निथळव आणि कप्प्याच्या आतल्या काचेच्या मण्यावरून हलकी फिरव. बाळाच्या डोळ्यातला चिपड काढतेस तशी.

सीडी मात्र मला पाठव. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाक, तिच्यात धू. मऊ सुती कापडानं पूस, भोकापासून कडेकडे. गोल गोल अजिबात पुसायचं नाही. गोल ओरखडा पडला की ड्राइव्हला एकाच रेषेतलं खूप काही वाचता येत नाही, आडवा ओरखडा तो उडी मारून पार करतो.

माझ्याकडे नवा ड्राइव्ह आहे, यूएसबीचा. यापेक्षा वाईट सीड्या मी वाचल्यात. ही पण वाचीन.

दाजींना सांग, मला कळलंय.

हरेश


मोहपाडा
१५ ऑक्टोबर

हरेश,

वायर बसली. एस आर शून्य यादीत आलं तेव्हा सकुबाईनं कॉम्प्युटरलाच हात जोडले. तुझ्या दुकानाचे फोटो दिसले, सगळ्यांत तूच आहेस. म्हणजे ड्राइव्ह पक्का.

मग आमची सीडी घातली. पाठवायच्या आधी एकदा बघू म्हटलं. ती जोरात फिरली, हळू झाली, परत जोरात फिरली आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की इनपुट-आउटपुट एरर. तीनदा केलं, तीनदा तेच. तुझ्या हिशेबानं आता दोष सीडीचा.

ती गुंडाळत होते तेव्हा दाजी दारात आले.

"कुठं धाडतेस?"

"हरेशकडं."

"म्हणजे त्याला सांगितलंस."

"सांगितलं."

"आता सगळ्या शहापूरला कळंल."

"तो दुकानदार हाय, दवंडीवाला नाय," मी म्हटलं. ते पडवीत जाऊन बसले. थोड्या वेळानं आत आले नि म्हणाले, "फडक्यात बांधू नको, दबंल. दोन पाट्यांच्या मधी ठेव." अंगणवाडीतल्या दोन जुन्या पाट्या त्यांनीच आणल्या आणि सुतळीनं बांधल्या. गाठ त्यांची आहे, सुटायची नाय, कापावी लागेल.

दाजी भात कापायला जातात. मी नको म्हणते. ते म्हणतात, टिपका छातीत आहे, हातात नाय.

प्रेमा


शहापूर
१८ ऑक्टोबर

ताई,

गाठ कापावी लागली.

आता काय झालं ते सांगतो. सीडी मी माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला लावली. नेहमीसारखं उघडायला गेलो असतो तर तुझ्यासारखंच एरर एरर आलं असतं. म्हणून डीडीरेस्क्यू नावाचं साधन वापरलं. ते सीडी उघडत नाही, तिची जशीच्या तशी नक्कल काढत जातं. जिथं अडलं तिथं हट्ट धरत नाही, खूण करून पुढे जातं आणि मागाहून परत येतं. शंभरातलं नव्वदच्या वर मिळालं. मी खुर्चीतून उठणार होतो, प्लास्टर आडवं आलं.

चित्रं उघडली. माणसाच्या छातीचे वरून खाली काप काढल्यासारखी असतात ती, काकडीच्या चकत्यांसारखी. दाजींच्या बरगड्या बघितल्या. मणका बघितला, खांद्यावर ओझी वाहून एका बाजूला किंचित कललेला. सातवीत मला ताप भरला तेव्हा याच पाठीवर बसून मी सिद्धगडाच्या पायथ्यापासून नारिवलीपर्यंत आलो होतो. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला मी पाच मिनिटं थांबवलं.

आता अडचण. सीडी आतून बाहेर वाचली जाते. पहिली चित्रं भोकाजवळ असतात, आणि पहिली चित्रं म्हणजे मानेखालचे काप. दाजींनी दोरी भोकातून ओवली आणि ती तिथंच घासली. छातीचा खालचा भाग सगळा आहे, वरचा गळालाय. टिपका वर आहे म्हणतेस. म्हणजे आपल्याला हवं तेच राहिलंय.

पण थांब, हातपाय गाळू नको. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. माझा नवा आहे, पण चपटा आणि हलका. तुमचा जुना, जड, जुन्या बनावटीचा. याला जे दिसत नाही ते त्याला दिसू शकतं. अपुरी नक्कल मी पेनड्राइव्हवर घातलीय, कुठलं राहिलंय त्याच्या खुणांसकट. तुमचा ड्राइव्ह फक्त राहिलेलंच वाचेल, मिळालेल्याला हात लावणार नाही. काय लिहायचं ते वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, जिथं मोकळी जागा सोडायची तिथं लाल टिंब आहे. एकदा सरळ वाचू दे. मग सीडी बाहेर काढ, ड्राइव्ह गार होऊ दे, आणि दुसऱ्या ओळीतली आज्ञा दे. ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचते. समोरून न दिसणारी वाट कधी मागून येताना दिसते.

होईल.

हरेश


मोहपाडा
२४ ऑक्टोबर

हरेश,

यंदाची भाऊबीज मी कॉम्प्युटरपुढं केली. करंज्या सुनिलकडं दिल्यात, त्यानं वाटेत दोन खाल्ल्या तर बोलू नको, मीच त्याला सांगितलंय.

तुझा कागद भिंतीला चिकटवला. पहिली ओळ लिहिली, एक लाल टिंब चुकलं, कॉम्प्युटर म्हणाला अशी आज्ञाच नाय. परत लिहिली. ड्राइव्ह सुरू झाला. काय आवाज करतो रे! गिरणीत दाण्यात खडा गेल्यासारखा. दाजी दारातनं ऐकत होते. मग आत आले, पोरांच्या बाकावर बसले.

"माझ्या छातीत काय हाय ते ही पेटी बोलणार व्हय?"

"पेटी बोलत नाय. डॉक्टर बोलणार. पेटी दाखवणार."

"आनि नाय दाखवलं तर?"

"दाखवंल," मी म्हटलं. "हरेश म्हनलाय."

दुपारी वीज गेली. मला वाटलं आता सगळं पयल्यापासनं. पण वीज आल्यावर तीच ओळ परत दिली, तर जिथं थांबलं होतं तिथनंच चालू झालं. तू लिहिलेल्या खुणांचा अर्थ मला तेव्हा कळला. सरळ वाचून झालं तेव्हा राहिलेल्यातलं निम्मं मिळालं होतं. सीडी काढली, दाजींनी ती दोन तळहातांमधी कडांनी धरली, बोटं न लावता. चहा झाला. मग उलटी ओळ दिली. तासाभरानं पडद्यावर राहिलेल्याचा आकडा इतका कमी झाला की सकुबाई म्हणाली, "आता झाडून घेतलं तरी निघंल."

चित्रं उघडली हरेश! वरचे सगळे काप आहेत. आणि टिपका आहे. उजव्या बाजूला, वर, गोल, पांढरा. मी स्वतः बघितला, दाजींनी बघितला. दोन हजार एकवीस सालचा! म्हणजे जुना वण. मी म्हणत नव्हते? दाजी उठले नि सरळ बाहेर गेले. मला वाटलं रडायला गेले. गुळाची ढेप घेऊन आले, समाजमंदिरातल्या प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला.

पेनड्राइव्हची एक नक्कल तुला पाठवते. दुसरी घेऊन आमी पुढच्या आठवड्यात कल्याणला जातो.

तुझे किती उपकार मानू? मानत नाय. भाऊ आहेस.

प्रेमा


शहापूर
२५ ऑक्टोबर

ताई,

करंज्या मिळाल्या. नक्कल मिळाली. वाचन उत्तम झालंय, इतकं मला इथं जमलं नसतं.

चित्रांचं मला काही कळत नाही. डॉक्टरांनाच दाखव. शक्य असेल तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, आधी जा.

हरेश


मोहपाडा
९ नोव्हेंबर

हरेश,

तुझं पंचवीस तारखेचं पत्र एवढं आखूड होतं की मला तेव्हाच समजायला हवं होतं. तू शेजारी शेजारी लावून बघितलं असशील. मी गूळ वाटला होता, म्हणून तू बोलला नायस.

डॉक्टरांनी जुने काप आणि नवे काप एका पडद्यावर लावले. मी पुढं होऊन बोट ठेवलं, "हा बघा टिपका."

ते म्हणाले, "ताई, ही रक्तवाहिनी आहे. आडवी कापली की गोल दिसते. आता खालचा काप बघा." आणि त्यांनी पुढचं चित्र आणलं तर माझा टिपका बाजूला सरकला. त्याच्या पुढचं आणलं, आणखी सरकला. "गाठ अशी चालत नाही. आता नव्या स्कॅनमधली जागा बघा." तिथं नव्यात करवंद होतं. जुन्यात काय नाय. काळं, स्वच्छ.

मी म्हटलं, "कदाचित सीडी नीट वाचली गेली नसंल." ते म्हणाले, "जे वाचलंय ते अगदी नीट वाचलंय. तुम्ही हे आणलं नसतंत तर मी म्हटलं असतं, तीन महिने थांबा, परत स्कॅन करू, वाढतं का बघू. आता मी थांबा म्हणणार नाही. सुईनं तुकडा काढून तपासायचा, आणि लवकर."

दाजी घरी आल्यावर म्हणाले, "तुमी भावंडांनी मेहनत करून माझ्या छातीत टिपका घातला. मांडवाला लटकत होती ती बरी होती." दुसऱ्या दिवशी विळा घेऊन शेतावर गेले. डॉक्टरांनी दिलेली तारीख गेली. मी रडले, ओरडले, सकुबाईला मधी घातलं. ते म्हणतात, "भात उभं टाकून सुया टोचून घ्यायला जाऊ? मला काय होतंय? खोकलाच तर हाय."

मी इथं पोरांना वजनकाट्यावर बसवते, दुसऱ्यांच्या आयांना सांगते की वेळेत दवाखान्यात जा. माझ्या घरात माझं कोण ऐकत नाय. तू लिही त्यांना. मला लिहू नको, त्यांनाच लिही. तुझं अक्षर ते वाचतात.

प्रेमा


शहापूर
११ नोव्हेंबर

दाजी, नमस्कार.

माझं प्लास्टर परवा काढलं. पाय काठीसारखा बारीक झालाय, टेकवला की वाकतो. व्यायामाच्या डॉक्टरकडे कल्याणला जायचंय, जिना चढून. मितालीच्या खांद्याला धरून चढतो तर दोघंही बसतो. तिला माझं ओझं झेपत नाही.

पुढच्या मंगळवारी मी सुनिलच्या टेम्पोनं मोहपाड्याला येतोय. बुधवारी सकाळी आपण दोघं कल्याणला निघू. आधी माझा पाय दाखवू, मग त्याच रस्त्यानं तुमची छाती. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्या पडवीत बसून राहीन. मला परत जायला आधार लागतो, आणि तो तुमच्याशिवाय देणारं तिथं कोणी नाही. म्हणजे तुम्ही हललात तर मी हलणार.

सीडीचं म्हणाल तर तिनं काही घातलं नाही, काही काढलं नाही. मला वाईट वाटलं नाही असं नाही. मी दुकानात बसून ती दोन चित्रं दहादा उलटसुलट करून बघितली, कुठंतरी जुन्यात टिपका सापडावा म्हणून. सापडला असता तर ताईच्या आधी मी गूळ वाटला असता. पण ते जुनं फुप्फुस स्वच्छ आहे, दाजी. मी इतकी चित्रं बघितली, इतकं स्वच्छ दुसरं काही दिसलं नाही. आणि डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे जे आलंय ते अजून लहान आहे. ते मोठं होईपर्यंत आपण दोघंही वाट बघत बसायचं, हे मला जमणार नाही.

भाताचं मी सुनिलशी बोललोय. तो आणि त्याचे दोन भाऊ राहिलेलं कापून देतात. बांधावर उभं राहून तुम्ही त्यांना शिव्या दिल्यात तरी ते ऐकून घेतील, पण मंगळवारपर्यंतच.

हरेश


आसनगाव, हरेशचं घर
१४ डिसेंबर

प्रेमाला लखमाकडून.

हे मी माज्या हातानं लिवतो. मितालीनं कागद दिला. अक्षर वाकडं हाय, वाच. लग्नाला एवढी वर्सं झाली पन तुला कागद लिवायची येळ कदी आली नाय, कारन मी तुज्यापासनं लांब कुठं गेलोच नाय. तू अंगनवाडी उघडायला गेलीस त्याला आता आठवडा झाला. हितं घर मोठं हाय पन आवाज नाय.

काल मुंबईच्या दवाखान्यात आपरेशनचे टाके दाखवायला गेलो. हरेश संगती होता. त्याचा पाय नि माजी छाती, आमी दोगं एकमेकाला धरून जिना चढलो. लोक बघत हुते. आपरेशनात काढलेल्या फुप्फुसाच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरनं कागदावर चित्र काडून दावलं. गाठ वाईटच व्हती. पन सगळी निघाली. बाजूच्या गाठी तपासल्या त्या चांगल्या हायेत, कुठं पसरलं नाय. आता दुसरं औशद नको म्हनतात. मी इचारलं, परत येल का? ते म्हनले, येऊ शकतं, म्हनून तर तीन महिन्यानं बोलावतोय. खोटं बोलले नाय, ते मला बरं वाटलं. बिडी बंद. ते तू सांगायच्या आधी मीच लिवतो.

हितं छातीच्या व्यायामाला एक डबी दिलीय, तिच्यात तीन गोळे. नळी तोंडात धरून फुकायचं नाय, वडायचं. वडलं की गोळे वर जातात. पयल्यांदा एक बी हलंना. मग एक गेला, मग दुसरा. काल तिसरा वर टेकला. मितालीनं टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, मग मी परत वडून दावलं.

मी तुला नि हरेशला बोललो ते रागानं बोललो नाय. मी भ्यालो हुतो. तू भ्याली नायस आसं वाटलं म्हनून जास्तच भ्यालो. नंतर दवाखान्यात, मला आत नेलं तवा, तू पदराची गाठ मारत हुतीस नि सोडत हुतीस, ते मी बघितलं. तवा मला बरं वाटलं. एकटा नाय आसं वाटलं.

डॉक्टरनं घरी जायला सांगितलंय. येत्या रविवारी सुनिलच्या टेम्पोत पुडची सीट सांगून ठेव. रस्त्यापासनं पाड्यापत्तूर चढन हाय ती मी पायीच येनार. डोली बिली करून पोरं धाडू नको, मी काय म्हातारा नाय.

तू एकटी ये खाली. जितं दम लागंल तितं बसू.

लखमा